ऐकणाऱ्याच्या मनावर उमटलेलं: समाजकार्यकर्त्यांमधला दुय्यम आघातजन्य ताण मोजण्याची रीत

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमध्ये साहाय्यक व्यक्ती म्हणून काम करणारी कार्यकर्ती तीच हकीकत किती वेळा ऐकते, हे एकदा मोजून बघा. मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा. पोलिसांच्या जबाबाच्या वेळी. दवाखान्यात डॉक्टर विचारतात तेव्हा. मग बालकल्याण समितीपुढे, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणि शेवटी कोर्टात साक्षीला. मधल्या काळात अहवाल लिहिताना तेच शब्द तिच्या स्वतःच्या हातून कागदावर उतरतात. अत्याचार तिच्यावर झालेला नसतो. तरीही झोप उडते, स्वयंपाक करताना मधेच ते वाक्य आठवतं, एखाद्या गल्लीतून जायला नको वाटतं. याला दुय्यम आघातजन्य ताण म्हणतात.

संस्थेत नव्याने सुपरवायझर झालेल्यांवर किंवा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी हा विषय घेतलेल्यांवर हा ताण मोजायची वेळ येते. बहुतेकजण इंटरनेटवरून एक प्रश्नावली घेतात, एका बैठकीत भाषांतर उरकतात आणि फॉर्म वाटतात. आकडे येतातही, पण त्यावर विसंबता येत नाही, आणि माणसं दुखावतात ती वेगळीच. म्हणून पुढचा क्रम पाळावा.

आधी काय मोजायचं ते ठरवा

तीन गोष्टींची कायम गल्लत होते. कामाचा बोजा, उशिरा होणारा पगार, रजिस्टरांचा ढीग, आपल्या सांगण्याला किंमत नसणं यातून हळूहळू साठत जाणारा थकवा म्हणजे बर्नआउट. तो बँकेतल्या माणसालाही येतो. दुय्यम आघातजन्य ताण येतो तो केसमधल्या मजकुरामुळे. त्याची लक्षणं आघातोत्तर ताणविकारासारखी (पीटीएसडी) असतात आणि एखाद्याच केसनंतर तो अचानक उभा राहू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे जगाकडे बघण्याची नजरच बदलणं: कुठल्याच काकाच्या मांडीवर मूल ठेवू नये असं वाटायला लागणं. तिला परोक्ष आघात म्हणतात. ती वर्षानुवर्षांत घडते आणि तिच्यासाठी वेगळी साधनं आहेत.

ही फोड करायची ती उपाय वेगळे असतात म्हणून. बर्नआउटवर रजा आणि माणसं वाढवणं चालतं. दुय्यम आघाताने ग्रासलेल्या माणसाला आठ दिवस रजेवर पाठवून परत त्याच सहा केसेस हातात दिल्या तर फरक पडत नाही.

मोजपट्टी निवडणं

समाजकार्यकर्त्यांना समोर ठेवून तयार झालेली मोजपट्टी म्हणजे ब्रायन ब्राइड आणि सहकाऱ्यांची २००४ सालची ‘सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस स्केल’, थोडक्यात एसटीएसएस. १७ विधानं, प्रत्येकाला १ (कधीच नाही) ते ५ (खूप वेळा) असे गुण, आणि विचारायचं ते फक्त मागच्या सात दिवसांबद्दल. तिचे तीन भाग आहेत: नको असताना आठवणी घुसणं (५ विधानं), टाळणं आणि बधिरपणा (७ विधानं), शरीर-मन सतत सावध राहणं (५ विधानं). एकूण गुण १७ ते ८५ च्या दरम्यान येतात.

दुसरी नेहमी वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे प्रोक्वॉल (‘प्रोफेशनल क्वालिटी ऑफ लाइफ’), बेथ हडनॉल स्टॅम यांची. तिच्यात ३० विधानं असतात: १० कामातल्या समाधानाची, १० बर्नआउटची, १० दुय्यम आघाताची. कालावधी मागचे ३० दिवस. श्रेय देऊन, काहीही न बदलता आणि न विकता वापरली तर तिला पैसे पडत नाहीत. बर्नआउटच्या भागातल्या पाच विधानांचे (१, ४, १५, १७, २९) गुण उलटे करायचे असतात, म्हणजे १ चे ५, २ चे ४. हे विसरल्यामुळे आनंदात काम करणारा माणूस कागदावर जळून गेलेला दिसतो. ही चूक आम्हाला प्रबंधांमध्ये पुन्हा पुन्हा सापडते.

आघाताचीच लक्षणं नेमकी हवी असतील तर एसटीएसएस घ्या. बर्नआउट आणि समाधानही एकाच फॉर्मात हवं असेल तर प्रोक्वॉल. दोन्ही एकत्र देऊ नका. ४७ विधानांनंतर माणूस वाचायचं सोडून नुसत्या खुणा करत सुटतो. शिवाय एकाचे सात दिवस आणि दुसऱ्याचे तीस दिवस डोक्यात मिसळतात.

एक तांत्रिक बाब. १७ विधानांची एसटीएसएस डीएसएमच्या, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी ग्रंथाच्या, चौथ्या आवृत्तीवर बेतलेली आहे. २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली. तिने कामाचा भाग म्हणून आघाताचे तपशील वारंवार अंगावर येणं हेही आघाताच्या व्याख्येत धरलं आणि लक्षणांचे तीनाऐवजी चार गट केले. त्याला धरून २१ विधानांची सुधारित एसटीएसएस आहे. कुठलीही घ्या, पण अहवालात नाव नीट लिहा, कारण दोन्हींचे गुण एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

मोजपट्टीवर मूळ कर्त्यांचा हक्क असतो. ईमेल करून परवानगी मागा आणि मराठी आवृत्ती आधीच झाली आहे का, हेही त्याच पत्रात विचारा.

मराठी करताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, किमान तीन आठवडे. दोघांनी एकमेकांचं न बघता भाषांतर करायचं. त्यातला एक प्रत्यक्ष केसवर्क करणारा असावा. मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा ठरवायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. मूळ विधानाशी तो कुठे फाटतो ते बघून दुरुस्ती करायची.

फाटतं ते बहुधा साध्या वाटणाऱ्या शब्दांत. भावना बधिर झाल्याबद्दलचं पहिलं विधान घ्या. ‘मी भावनाशून्य झाले’ असं लिहिलंत तर कोणतीही कार्यकर्ती ‘कधीच नाही’वर खूण करील, कारण मराठीत भावनाशून्य हा आरोप आहे, दगडासारखं काळीज असलेल्याला लावायचा. ‘मन बधिर झाल्यासारखं वाटलं’ किंवा ‘आतून काहीच वाटेनासं झालं’ असं लिहिलं तर ती थांबून विचार करते. तसंच ‘अतिसतर्कता’ न म्हणता ‘लहानशा आवाजानेही दचकायला झालं’ म्हणा. ‘हृदयगती वाढली’ न म्हणता ‘छातीत धडधडलं’.

याहून नाजूक आहेत ते उत्तरांचे पाच पर्याय. मधला, तिसरा पर्याय सर्वांत महत्त्वाचा, कारण लक्षण ‘आहे’ असं धरलं जातं ते तिसऱ्यापासून. दुसऱ्या पर्यायाला ‘क्वचित’ आणि तिसऱ्याला ‘कधीतरी’ असं ठेवलं की घोळ होतो. पुष्कळांच्या बोलण्यात ‘कधीतरी’ म्हणजे सहा महिन्यांतून एकदा. ते क्वचितपेक्षाही कमी वाटतं. आमचा कल असा आहे: कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, खूप वेळा. हेही छापण्याआधी पडताळा: पाच शब्दांच्या पाच चिठ्ठ्या करा, दहाजणांना कमीकडून जास्तीकडे लावायला सांगा. दोघांनी जरी उलटा क्रम लावला तरी शब्द बदला.

मूळ मोजपट्टीत ‘क्लायंट’ हा शब्द आहे आणि त्याजागी आपल्या कामातला शब्द घालायची मुभा दिलेली आहे. तिचा वापर करा. महिला कक्षात ‘केसमधली बाई’ किंवा ‘तक्रार घेऊन आलेली व्यक्ती’, बालगृहात ‘मूल’. ‘लाभार्थी’ टाळा. तो योजनांचा शब्द आहे आणि तो वाचला की लोक धान्य आणि अनुदानाच्या कामाचा विचार करू लागतात.

मसुदा तयार झाला की सहा ते आठजणांसोबत एकेकटं बसा. प्रत्येक विधान वाचू द्या आणि विचारा: ‘हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’ यात हमखास सापडणारी अडचण अशी. काही क्लायंटना टाळावंसं वाटण्याबद्दलच्या विधानावर एखादी सांगते, ‘हो, आरोपीचे नातेवाईक ऑफिसबाहेर उभे असतात ना, म्हणून.’ ते टाळणं हे लक्षण नव्हे, ती शहाणी खबरदारी आहे. विधान बदलू नका. फॉर्मच्या शेवटी एक जादा प्रश्न ठेवा: ‘मागच्या सात दिवसांत कामावरून तुम्हाला कोणी धमकावलं का?’ उत्तर हो असेल तर अर्थ लावताना ते हाताशी येतं, आणि संस्थेला दुसऱ्याच कामाला लागावं लागतं.

फॉर्म हातात देण्याआधी

नुसत्या गुणांना अर्थ नसतो. माणसाच्या कानावर काय आणि किती आलं, हे सोबत विचारावं लागतं. चार प्रश्न पुरतात: मागच्या ३० दिवसांत हिंसा, लैंगिक अत्याचार किंवा मृत्यू असलेल्या किती केसेस हाताळल्या, आठवड्याला साधारण किती तास अशा हकीकती थेट ऐकल्या, किती जबाब किंवा अहवाल लिहिले वा टाइप केले, मागच्या सात दिवसांत किती दिवस कामावर होतात. टायपिस्ट, दुभाषी, बालगृहातली काळजीवाहक आणि रात्री मुलीला दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर यांनाही यात घ्या. ते समाजकार्यकर्ते नसतील तर त्यांचा गट वेगळा दाखवा, पण गाळू नका. संस्थांमध्ये सगळ्यांत जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं.

कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातल्या अत्याचाराबद्दल विचारावं का? विचारल्याने विश्लेषण सुधारतं, यात शंका नाही. पण बाहेरचा समुपदेशक ठरवलेला नसेल आणि फॉर्म खरोखर निनावी नसेल तर तो प्रश्न काढून टाका.

निनावीपणाचा अर्थ नाव न विचारणं एवढाच नाही. जिल्ह्यात पुरुष समुपदेशक एकच असेल तर ‘लिंग’ आणि ‘तालुका’ या दोन खुणांत तो उघडा पडतो. वय पाच-दहा वर्षांच्या टप्प्यांत विचारा, तालुका विचारूच नका, आणि पाचपेक्षा कमी माणसांच्या कुठल्याही गटाची सरासरी छापू नका. गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना, ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून तपासा. कागदी असेल तर बंद पेटी ठेवा आणि पेटी सुपरवायझरने उघडू नये. पुन्हा मोजायचं असेल तर प्रत्येकाने स्वतःच एक संकेत बनवायचा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. यादी कोणाकडेच राहत नाही.

‘आणखी काही सांगायचंय का’ हा मोकळा प्रश्न ठेवलात तर त्याखाली ठळक लिहा की केसचा तपशील लिहू नये. पोक्सो कायद्याखाली मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे आणि फॉर्मवरची दोन ओळींची हकीकत लहान गावात ओळख पटवायला पुरते.

मदतीची सोय फॉर्म वाटायच्या आधी व्हायला हवी. संस्थेबाहेरचा एक समुपदेशक, त्याच्या किमान दोन-तीन भेटींचा खर्च, आणि त्या भेटी कामाच्या वेळेत धरल्या जातील अशी लेखी नोंद. फॉर्मच्या तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. तो चोवीस तास आणि मोफत आहे. आणि हे लक्षात असू द्या: एसटीएसएसमध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल एकही विधान नाही. कमी गुण म्हणजे माणूस सुखरूप आहे, असं म्हणता येत नाही.

प्रबंधासाठी करत असाल तर महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मंजुरी घेतल्याशिवाय पहिला फॉर्मही भरून घेऊ नका.

आठवडा कोणता

सात दिवसांची खिडकी लहान असते, म्हणून दिवस जपून निवडा. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा नको, गुण फसवे कमी येतात. मार्चअखेर नको, तेव्हा ऑडिट आणि अहवालांचा थकवा ताणाचं रूप घेऊन येतो. संस्थेत एखाद्या मुलाचा मृत्यू झाला असेल तर त्या आठवड्यात फॉर्म नव्हे, माणसं लागतात. सर्वांनी एकाच आठवड्यात, शक्यतो बुधवारी किंवा गुरुवारी, २० मिनिटांच्या मोकळ्या वेळेत भरावं. स्टाफ मीटिंगच्या शेवटी, सगळे निघायच्या घाईत असताना नको.

गुण काढणं

एसटीएसएसमध्ये उलटे करायचे गुण नाहीत. आठवणी घुसण्याची विधानं २, ३, ६, १०, १३. टाळण्याची १, ५, ७, ९, १२, १४, १७. सावधपणाची ४, ८, ११, १५, १६. एक कल्पित फॉर्म सोडवून बघू. विधान १ पासून १७ पर्यंत क्रमाने गुण असे आहेत:

३, २, २, ३, २, ३, २, २, ३, ४, ३, २, २, ३, ३, २, १

आठवणी: २+२+३+४+२ = १३. टाळणं: ३+२+२+३+२+३+१ = १६. सावधपणा: ३+२+३+३+२ = १३. एकूण ४२.

आता दुसरी पद्धत. ज्या विधानाला ३ किंवा जास्त गुण, ते लक्षण आहे असं धरायचं. आठवणींचं किमान एक, टाळण्याची तीन आणि सावधपणाची दोन लक्षणं असतील तर तिन्ही निकष पुरे होतात. वरच्या फॉर्मात आठवणींची दोन (६, १०), टाळण्याची तीन (१, ९, १४), सावधपणाची तीन (४, ११, १५). निकष पुरे.

समजा याच व्यक्तीने १४व्या विधानावर ‘अधूनमधून’ऐवजी ‘क्वचित’वर खूण केली असती. एकूण गुण ४१, म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण टाळण्याची लक्षणं दोनच उरतात आणि निकष कोसळतो. तिसऱ्या पर्यायाच्या शब्दावर एवढा वेळ घालवायला सांगितला तो यासाठी. अहवालात दोन्ही पद्धतींचे निकाल द्या.

एखादं विधान कोरं राहिलं तर त्याच भागातल्या त्याच व्यक्तीच्या बाकी गुणांची सरासरी घालून एकूण काढा. एका भागात दोन किंवा अधिक कोरी असतील तर तो भाग सोडून द्या. निकषांच्या पद्धतीत मात्र सरासरी घालू नका.

मग मोजपट्टीची अंतर्गत सुसंगती तपासा, म्हणजे तिची विधानं एकमेकांशी मिळून चालतात का ते. त्याचं माप म्हणजे क्रोनबॅक अल्फा. मूळ अभ्यासात तो संपूर्ण मोजपट्टीसाठी ०.९३ आणि तीन भागांसाठी अनुक्रमे ०.८०, ०.८७, ०.८३ होता. तुमचा एखादा भाग ०.७० च्या खाली गेला तर आधी भाषांतर तपासा. पंधरा-वीस माणसांवर काढलेला अल्फा डगमगता असतो, त्यावर फार भार टाकू नका.

आकडा वाचताना

सगळीकडे एक तक्ता फिरतो: २८ पेक्षा कमी म्हणजे ताण नाही किंवा नगण्य, २८ ते ३७ सौम्य, ३८ ते ४३ मध्यम, ४४ ते ४८ जास्त, ४९ आणि वर तीव्र. हा आला कुठून, ते माहीत असायला हवं. ब्राइड यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यातल्या २८२ समाजकार्यकर्त्यांची उत्तरं २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या लोकांचे गुण क्रमाने लावून ५०, ७५, ९० आणि ९५ टक्क्यांच्या जागी रेघा मारल्या, त्या या रेघा. त्याच अभ्यासात १५.२ टक्के लोक तिन्ही निकषांत बसले होते.

म्हणजे ४९ हा ताप मोजल्यासारखा आकडा नव्हे. त्या २८२ जणांच्या रांगेत वरून पाच टक्क्यांत बसण्याची ती खूण आहे. अकोल्यातल्या किंवा ठाण्यातल्या कार्यकर्तीला ‘तीव्र’ ठरवायला ती पुरत नाही. ३८ चा उंबरठा ‘पुढे बोलायला हवं’ एवढ्यापुरता वापरा. निदान करणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम आहे, प्रश्नावलीचं नव्हे.

एकाच माणसाचे गुण दोनदा घेतले आणि तीन-चारांनी घसरले, तर ‘प्रशिक्षणाने फरक पडला’ असं लिहून मोकळं होऊ नका. समजा तुमच्या गटाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १२ आणि अल्फा ०.९३ आहे. मग मापनाची चूक १२ × √(१ − ०.९३), म्हणजे सुमारे ३.२. ही चूक दोन्ही खेपांना असते, म्हणून दोन मोजण्यांतला फरक खरा मानायला तो साधारण ९ गुणांचा तरी हवा.

फॉर्म न भरणाऱ्यांचा आकडा ठळक लिहा. टाळणं हे याच ताणाचं लक्षण असल्याने ज्यांना सर्वांत जास्त त्रास आहे ते फॉर्मही टाळतात. आणि ज्यांना सोसवलं नाही ते नोकरी सोडून गेलेले असतात, त्यांचे गुण कुठल्याच तक्त्यात नसतात. मागच्या वर्षभरात किती जण सोडून गेले, हे सरासरीच्या शेजारीच छापा.

गटापुढे मांडणं आणि पुन्हा मोजणं

निकाल आधी फॉर्म भरणाऱ्यांना दाखवा, मग संचालक आणि देणगीदारांना. पंधरा-वीस जणांचा गट असेल तर सरासरीऐवजी मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि सर्वांत कमी-जास्त गुण द्या, आणि तीन भाग वेगळे दाखवा. आठवणींचे गुण चढे असतील तर केसेसच्या वाटपाकडे बघा: लैंगिक अत्याचाराच्या सगळ्या केसेस ‘ताईंना छान जमतं’ म्हणून एकीकडेच जातात का? टाळण्याचे चढे असतील तर सुपरव्हिजनमध्ये फक्त केसचं बोलणं होतं की कार्यकर्तीचंही, ते बघा. गुणांचा वापर बढती, बदली किंवा कराराच्या नूतनीकरणासाठी होणार नाही, हे संचालकांच्या सहीने आधीच लिहून घेतलेलं असलं पाहिजे. एकदा जरी तो शब्द मोडला, तरी पुढच्या खेपेला सगळ्यांचे गुण २० च्या आसपास येतील आणि ते खोटे असतील.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजा: तेच शब्द, तोच क्रम, आठवड्याचा तोच वार. भाषांतरात एक शब्द जरी बदलला असेल तर आवृत्तीचा क्रमांक बदला. कागदी फॉर्म कुलपात ठेवा, गुण संगणकावर चढवून दुसऱ्याकडून तपासून झाले की किती काळाने फाडायचे ती तारीख संमतीपत्रावर लिहिलेली असेलच, त्या तारखेला फाडा.